दुबई पाहिलेले आणि दुबईत राहिलेले

दुबईची मराठी प्रवासवर्णने दिवाळी अंकांतून, रविवारच्या पुरवण्यांतून येतच असतात. चार वाचली की पाचवे न वाचताही सांगता येते. पहिल्या दिवशी बुर्ज खलिफा, उंची ८२८ मीटर. मग वाळवंटातील सफारी, पाम जुमेरा, शेवटी देऱ्याचा सोनेबाजार आणि परतीचे विमान. आकडे खरे असतात, पण ते माहितीपत्रकातही मिळतात.

या लेखांत एक माणूस हटकून भेटतो, तो म्हणजे गाडीचा चालक. तो अचानक मराठीत बोलतो, रत्नागिरीकडचा निघतो. लेखकाला कोण आनंद! पण एका वाक्यात तो संपतो आणि पुढच्या परिच्छेदात कारंजे सुरू होते. मला वाटते, खरा सफरनामा त्या वाक्यापाशी सुरू व्हायला हवा होता.

मुरुड, हर्णै, दाभोळच्या किनाऱ्यावर असे चालक, फोरमन, मेसचे आचारी पुष्कळ. गावाहून मेहमान आला की त्याला दुबई तेच दाखवतात. स्वतः मात्र बुर्जचा फोटो खालूनच काढतात, एका दिरहमात अब्र्याने खाडी ओलांडतात. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३ उन्हात काम करायला तिथे कायद्याने मनाई आहे. हे वेळापत्रक त्यांना तोंडपाठ असते. पर्यटक येतो तो बहुधा थंडीत, त्यामुळे त्याच्या लेखात ऊन नसतेच. १९६६ पर्यंत त्या शहरात आपल्या रिझर्व्ह बँकेचा रुपया चालत होता, हेही या लेखांत सहसा सापडत नाही. दुबई त्यांच्या दृष्टीने जणू कालच उगवली!

पोटासाठी निघालेला माणूस लिहू शकत नाही, असे कोणी म्हणू नये. वरसईचे गोडसे भटजी घरचे कर्ज फिटावे म्हणून दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले होते. तिथे ते १८५७ च्या धामधुमीत सापडले आणि त्यातून ‘माझा प्रवास’ झाला. १९०७ साली छापलेले ते पुस्तक आजही वाचले जाते. मल्याळममध्ये बेन्यामिन यांची ‘आडुजीवितम’ २००८ साली आली. सौदीच्या वाळवंटात शेळ्या राखत अडकलेल्या मजुराची ती कादंबरी.

मग आपल्याकडे अडते कुठे? एक तर घरी धाडायच्या पत्राची रीतच अशी की ‘इथे सर्व खैरियत’ लिहून, पैशांचा हिशेब देऊन ते संपावे. दुःख लपवायला शिकवणारा तो नमुना होता. दुसरे कारण भाषेचे. शिक्षण उर्दूत, घरात कोकणी बोली आणि छापायला प्रमाण मराठी. बोलीत लिहिले तर हसतील, हा धाक आम्हा शिक्षकमंडळींनीच मुलांच्या मनात बसवला. त्या बोलीत दुबईच्या उन्हाचे, खोलीतल्या आठ खाटांचे वर्णन किती नेमके होते, हे लग्नाच्या मांडवात कान देऊन ऐकावे.

वार्षिकांच्या संपादकांनी परतलेल्या एखाद्या चालकाकडून दोन पाने मागावीत. विषय देऊ नये. शुक्रवारच्या सुट्टीत तो कुठे जात असे, एवढेच विचारावे.