‘बंद करून पुन्हा चालू करा’ : एका विनोदाची परीक्षा

वसईत शिक्षकांच्या एका मेळाव्याला आम्ही गेलो होतो. मधल्या सुट्टीत चहा पिताना एका गुरुजींनी विनोद सांगितला. लढाऊ विमान आकाशात आहे. अचानक वैमानिकासमोरचा पडदा निळा होतो, आकडे गोठतात. तो नियंत्रण कक्षाला विचारतो, ‘‘आता काय करू?’’ उत्तर येते, ‘‘बंद करून पुन्हा चालू करा.’’ वैमानिक म्हणतो, ‘‘करतो साहेब, पण वसईच्या खाडीच्या अलीकडे की पलीकडे?’’

हशा पिकला. आम्हीही हसलो. प्रश्नपत्रिका टाइप करताना ज्याचा संगणक ऐन वेळी बंद पडला आहे, त्याला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. शिवाय त्यात एक रास्त प्रश्न दडला आहे : जे यंत्र साधी प्रश्नपत्रिका सांभाळत नाही, त्याच्या भावंडाच्या हाती विमान द्यावे का? विनोद मात्र हसवून मोकळा होतो. उत्तर शोधण्याचे काम आपल्याकडे राहते.

आधी विनोदातली चूक पाहू. टेबलावरच्या संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम गाणी, खेळ, पत्रे असा कोणताही कार्यक्रम चालवते. विमानाचे उड्डाण सांभाळणाऱ्या संगणकाकडे मोजकीच कामे असतात, पण प्रत्येक काम ठरलेल्या क्षणाच्या आत व्हावेच लागते. विरार लोकलने जाणाऱ्यांना हा फरक लगेच पटेल. रेल्वेचा सिग्नल बिघडला, तर तो लाल व्हावा अशीच त्याची रचना असते. गाडी थांबते, आपण चडफडतो, पण सुखरूप असतो. विमानाला आकाशात थांबता येत नाही. आपले ‘तेजस’ विमान चपळ व्हावे म्हणून मुद्दाम अस्थिर रचनेचे केले आहे; संगणकाने सतत तोल सावरला नाही, तर ते उडवता येणार नाही. म्हणून त्याच्या उड्डाण-नियंत्रणाला चार समांतर शाखा दिल्या आहेत. एक शाखा इतरांपेक्षा वेगळे सांगू लागली, तर तिला बाजूला सारले जाते. नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात बांधलेले पहिले ‘तेजस मार्क-१ए’ ऑक्टोबर २०२५ मध्ये उडाले, ते याच तत्त्वावर.

मग विनोद खोटाच म्हणायचा का? तसेही नाही. एखादा भाग बिघडला, तर चार शाखांचा उपयोग होतो. चौघांना एकच चुकीची आज्ञावली दिली, तर चौघेही एकमताने चुकतील!

फेब्रुवारी २००७ मध्ये अमेरिकेची एफ-२२ रॅप्टर विमाने हवाईहून जपानमधील ओकिनावाकडे निघाली होती. १८० रेखांशाजवळची आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताच त्यांच्या दिशादर्शक यंत्रणा कोलमडल्या. वैमानिकांनी त्या पुन्हा चालू करून पाहिल्या, असे तेव्हा निवृत्त हवाईदल अधिकारी डॉन शेपर्ड यांनी सांगितले. उपयोग झाला नाही. इंधन पुरवणाऱ्या विमानांच्या मागोमाग ती हवाईला परतली. विनोदातला सल्ला प्रत्यक्ष आकाशात वापरून झाला आणि तो नापास झाला. वाररेषेपलीकडे आज्ञावली चालते का, याची तपासणी जमिनीवरच व्हायला हवी होती.

आता उलट उदाहरण घ्या. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियात धाहरान येथे, क्षेपणास्त्रे पाडणारी पॅट्रियट यंत्रणा १०० तासांहून अधिक काळ सलग चालू होती. तिचे घड्याळ सेकंदाचे दशांश मोजत असे. दशमानात ०.१ हा सुटसुटीत आकडा. द्विमानात मात्र तो ०.०००११००११००११… असा न संपणारा. यंत्राने शेपूट तोडले. १०० तासांत ही क्षुल्लक तूट सुमारे एक तृतीयांश सेकंद झाली. तेवढ्या वेळात स्कड क्षेपणास्त्र अर्धा किलोमीटरहून जास्त पुढे जाते. पॅट्रियटने त्याला चुकीच्या जागी शोधले आणि २८ अमेरिकी सैनिक प्राण गमावून बसले. येथे यंत्रणा अधूनमधून बंद करून पुन्हा चालू केली असती, तर घड्याळ शून्यावर येऊन तूट साठलीच नसती. सुधारित आज्ञावली धाहरानला पोहोचली ती दुसऱ्या दिवशी.

एकच सल्ला एका ठिकाणी निरुपयोगी, तर दुसऱ्या ठिकाणी २८ जीव वाचवणारा. काय बिघडले आहे हे कळल्याशिवाय तो सल्ला म्हणजे नुसता अंगारा-धुपारा. आमची या विनोदाविरुद्ध तक्रार एवढीच आहे की तो सारा दोष निळ्या पडद्यावर ढकलतो. हीच सवय पुढे गुणपत्रिकेपर्यंत येते. एखाद्या मुलाचे गुण चुकतात आणि खिडकीतून उत्तर मिळते, ‘‘कॉम्प्युटरची चूक आहे.’’ वरच्या दोन्ही प्रसंगांत संगणकाने सांगितले तेच केले होते. विचार अपुरा पडला तो माणसांचा.

तेव्हा शिक्षकमित्रांनो, हा विनोद वर्गात जरूर सांगा. मुले हसून झाली की फळ्यावर ०.१ लिहा आणि ते द्विमानात मांडायला सांगा. आकडे संपत नाहीत हे लक्षात आल्यावर कोणीतरी विचारीलच, ‘‘मग थांबायचे कुठे?’’ धाहरानची गोष्ट तेव्हा सांगावी.