पुस्तक तेच, वाचणारे वय वेगळे

हमीद दलवाई या नावाबद्दलचे मत आपल्या समाजात त्यांचे पुस्तक उघडण्याआधीच तयार असते. गोवंडीच्या शिवाजीनगरात वाढताना आम्हालाही ते तसेच तयार मिळाले. विसाव्या वर्षी आम्ही ‘इंधन’ वाचली ती केवळ खात्री करून घेण्यासाठी. बुजुर्ग सांगत होते ते सापडले आणि पुस्तक मिटले.

यंदा नववीच्या वर्गात एका मुलाने तकदीर आणि मेहनत यांच्याविषयी प्रश्न विचारला. “अभी छोटे हो, बड़े होकर समझोगे,” असे आम्ही बोलून गेलो. लहानपणी आम्हालाही हेच उत्तर मिळाले होते. त्या रात्री ‘इंधन’ पुन्हा काढली.

१९६५ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीचा निवेदक आजारपणामुळे बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी परततो आणि त्याच्या डोळ्यांदेखत गावात हिंदू-मुसलमान तेढ पेटते. विशीत आम्हाला त्याच्यात फक्त दीनापासून दूर गेलेला माणूस दिसला होता. आता दिसला तो घरी परतलेला आजारी मुलगा, ज्याचे विचार गावाच्या कामी येत नाहीत. धर्माच्या नावाने पेटते त्यात ईमान किती आणि इज्जत, हेवा, जुनी वैरे किती, हा कादंबरीचा खरा प्रश्न आहे. तो तेव्हा आम्हाला ऐकूच आला नाही. आमच्याजवळ त्या वेळी फक्त पाठ केलेले होते.

कादंबरीची एक उणीवही आताच जाणवली. माणसे एकमेकांचा दुस्वास कसा करतात हे निवेदक नेमके टिपतो. पण त्यांना दुःखात ज्या श्रद्धेचा आधार वाटतो, तिकडे तो फारसा वळत नाही. लेखकाचे तरुण वय हे त्याचे एक कारण असावे. दलवाई ३ मे १९७७ रोजी गेले, तेव्हा त्यांनी पंचेचाळिशीही गाठली नव्हती. म्हातारपणाने त्यांच्या लेखणीला काय दिले असते, हे कळायला मार्ग नाही.

त्यांच्या पत्नी मेहरुन्निसा दलवाई यांचे ‘मी भरून पावले आहे’ हे आत्मकथन १९९५ साली आले, साठी ओलांडल्यानंतर. १९७० साली पुण्यात स्थापन झालेल्या मुस्लिम सत्यशोधक मंडळाचे काम त्यांनी पतीनंतरही चालवले. तरीही या पुस्तकात वाद कमी आणि संसार जास्त आहे. पटो वा न पटो, ही दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत.

वय वाढले म्हणून ईमान जात नाही की आपोआप पक्के होत नाही. मात्र ऐकीव किती आणि आपले किती, हे निवडावेसे वाटू लागते. आमची नमाज सुटलेली नाही. तिच्यामागचा धाक तेवढा सुटला आहे.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला आम्ही प्रश्न वहीत लिहून ठेवायला सांगितले. “सर, जवाब?” त्याने विचारले. आम्ही म्हणालो, “हम भी ढूँढ रहे हैं.”