आरोपीच्या पिंजऱ्यातला प्लंबर : जिमी मॅकगव्हर्न यांच्या ‘अक्यूज्ड’चा विचार

गुन्हेकथा पाहताना आपण बहुधा तपास करणाऱ्याच्या बाजूला उभे असतो. इन्स्पेक्टर जिथे जातो तिथे कॅमेरा जातो, त्याला जे कळते तेच आपल्याला कळते. गुन्हा करणारा माणूस शेवटी हाती लागतो, कबुली देतो आणि कथेतून बाहेर जातो. तो मजूर, ड्रायव्हर किंवा कारागीर असेल, तर त्याचे उरलेले आयुष्य आपल्याला क्वचितच दिसते. या टिपणात आपण ही चौकट मोडणाऱ्या एका ब्रिटिश मालिकेकडे पाहू. कथेतून तपास वगळला की कष्टकरी माणसाविषयी आपण विचारतो तो प्रश्नच बदलतो, हे येथे दाखवायचे आहे.

१. लेखक आणि मालिका

जिमी मॅकगव्हर्न यांचा जन्म १९४९ साली लिव्हरपूलमध्ये झाला. काही काळ शिक्षकी केल्यानंतर ते दूरचित्रवाणीसाठी लिहू लागले. ‘क्रॅकर’, ‘हिल्सबरो’, ‘द स्ट्रीट’ ही त्यांची महत्त्वाची कामे. उत्तर इंग्लंडमधला कामगारवर्ग हा त्यांच्या लेखनाचा कायमचा विषय आहे. ‘अक्यूज्ड’ ही मालिका बीबीसी वनवर २०१० मध्ये सहा आणि २०१२ मध्ये चार भागांत दाखवली गेली. प्रत्येक भाग स्वतंत्र असून बहुतेक भागांना आरोपीचेच नाव आहे.

सर्व भागांची रचना सारखी आहे. सुरुवातीला आरोपी न्यायालयाच्या तळघरातल्या कोठडीतून पिंजऱ्याकडे नेला जातो. तो कोण, त्याने काय केले, हे आपल्याला माहीत नसते. मग मागच्या घटना उलगडत जातात, मधूनमधून खटला दिसतो आणि अखेरीस निकाल लागतो. ठशांचा शोध, पाठलाग, चौकशीच्या खोलीतली झटापट यांना येथे जवळजवळ जागाच नाही.

२. विलीची गोष्ट

पहिल्या भागाचा नायक विली हा प्लंबर आहे. ही भूमिका क्रिस्टोफर एक्लस्टन यांनी केली आहे. विलीचे बाहेर प्रेमप्रकरण आहे आणि तो घर सोडण्याच्या बेतात आहे. नेमकी तेव्हाच मुलगी आपले लग्न ठरल्याचे सांगते. लग्नाचा खर्च बापाने करायचा. त्याच सुमारास विली ज्या कंपनीचे काम करत होता ती बुडते आणि त्याचे पैसे अडकतात. अशा वेळी टॅक्सीच्या मागच्या सीटवर त्याला एक पाकीट सापडते. त्यात वीस हजार पौंड असतात. पुढे त्या पैशांतच खोट निघते आणि विली पिंजऱ्यापर्यंत पोहोचतो. निकाल येथे सांगत नाही, तो तुम्ही स्वतः पाहावा.

येथे दोन गोष्टींकडे लक्ष द्या. पहिली आर्थिक आहे. २००८ च्या मंदीनंतरचा हा काळ. इंग्लंडमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, की तारण घेतलेल्या बँकांचा हक्क आधी लागतो. विलीसारखा छोटा ठेकेदार बिनतारणी धनको असतो. वरच्यांचे भागून काही उरले, तरच त्याला मिळते. म्हणजे विलीने काम पूर्ण केले आहे, फसवणूक केलेली नाही, तरी कायद्याने तो रांगेत शेवटी आहे. मॅकगव्हर्न यावर भाषण देत नाहीत. ही कोंडी ते घरातल्या खर्चातून दाखवतात.

दुसरी गोष्ट स्वभावाची. विली गरीब पण निष्पाप असा साचेबंद माणूस नाही. तो बायकोशी खोटे वागतो, तापट आहे, हट्टी आहे. तो सज्जन असता तर त्याची कीव करून आपण मोकळे झालो असतो. तसा तो नसल्यामुळे आपल्याला पुनःपुन्हा ठरवावे लागते : पाकीट उचलले तेव्हा चूक झाली, की खर्च केले तेव्हा, की त्याआधीच? इंग्लंडचा १९६८ चा चोरीविषयक कायदाही अशा वेळी मनातल्या हेतूकडे पाहतो. वाजवी प्रयत्न करूनही मालक सापडणार नाही असे ज्याला प्रामाणिकपणे वाटते, तो कायद्याच्या दृष्टीने अप्रामाणिक ठरत नाही. पण वीस हजार पौंडांविषयी असे कोणाला वाटेल?

३. सोळा वर्षांपूर्वीचा कामगार

याच लेखकाचे आधीचे काम शेजारी ठेवले की हा बदल स्पष्ट होतो. १९९४ मध्ये ‘क्रॅकर’ या मालिकेत ‘टू बी अ समबडी’ ही कथा आली. त्यातला ॲल्बी हा कामगार. १५ एप्रिल १९८९ रोजी हिल्सबरो फुटबॉल मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीतून तो वाचलेला आहे. वडील नुकतेच गेले आहेत. दुकानात चार पेन्स कमी पडतात, आशियाई दुकानदार अडून बसतो आणि ॲल्बी त्याचा खून करतो. रॉबर्ट कार्लाइल यांनी रंगवलेला ॲल्बी विसरता येत नाही. तरीही ती कथा अखेर मानसतज्ज्ञ फिट्झची आहे. ॲल्बीचा राग हे एक कोडे आहे आणि ते सोडवणारा हुशार माणूस समोर बसलेला आहे.

त्या कथेत ॲल्बीच्या हातून मारला जाणारा पोलीस अधिकारी एक्लस्टन यांनीच साकारला होता. सोळा वर्षांनी तोच नट त्याच लेखकाच्या कथेत पिंजऱ्यात उभा राहतो. आता त्याचा अर्थ लावून देणारा फिट्झ नाही. ते काम प्रेक्षकावर येते.

४. मर्यादा

भारतात आता ज्यूरी नाही, म्हणून एक बाब लक्षात घ्या. इंग्लंडमध्ये गंभीर खटल्यात बारा सामान्य नागरिक दोष ठरवतात. ‘अक्यूज्ड’ आपल्याला त्यांच्या जागी बसवते असे म्हणता येईल, पण ते अर्धेच खरे आहे. ज्यूरीपुढे फक्त पुरावा येतो. आपण विलीचे घर, त्याची बुडालेली मजुरी, त्याची लाज सगळे पाहिलेले असते. त्यामुळे आपला कौल बराचसा आधीच झुकलेला असतो. शिवाय सगळी गोष्ट त्याच्या नावाची असल्याने, ज्या बायकोला तो फसवतो तिचे आयुष्य कडेकडेनेच दिसते. तिच्या नावाचा भाग असता, तर विली आपल्याला इतका जवळचा वाटला असता का?

तरीही मालिकेचे मोल कमी होत नाही. कारण समजणे आणि दोष माफ करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ‘अक्यूज्ड’ त्यांची गल्लत करत नाही. कायदा विचारतो, ‘याने केले का?’ आपण विलीच्या जागी असतो तर पाकीट कोठे नेले असते, हे मालिका आपल्याला विचारते. दोन्ही प्रश्न आवश्यक आहेत. तपासकथेत बहुधा पहिलाच ऐकू येतो.

विचारासाठी प्रश्न

१. तुमच्या भाषेतली एखादी गुन्हेकथा निवडा. तीतून तपास करणारे पात्र वगळले तर गुन्हेगाराविषयी काय नवे सांगावे लागेल?
२. विलीचे प्रेमप्रकरण कथेतून काढले तर तुमचा त्याच्याविषयीचा कौल बदलेल का? का?
३. ॲल्बी आणि विली यांच्या रागातला फरक दहा ओळींत मांडा.