दमसास

कळसाडी गावात उसाची गाडी उभी दिसली की लोक आधी मोळ्यांची उंची बघतात. माझी नजर केबिनच्या मागच्या कोपऱ्यात अडकली. शेतात पाइपलाइनला घालतात तसली करड्या रंगाची ११० मिलिमीटरची पीव्हीसी नळी तिथून टपापेक्षा हातभर वर चढली होती. वरचं टोक मागे वळवलेलं, बगळ्याने मान मुरडावी तसं. तोंडाला मच्छरदाणीच्या जाळीचं फडकं आणि त्यावर सायकलच्या ट्यूबची कापलेली पट्टी. कंपनीतून निघालेल्या गाडीवर असलं काही नसतं. हा मालकाच्या हातचा उद्योग, गाडीला मोकळा श्वास मिळावा म्हणून केलेला.

आपल्याकडे गाडीविषयी बोलताना 'दम' हा शब्द फार कामाला येतो. गाडीला दम असतो, चढाला ती दम टाकते. 'हवा' मात्र बदनाम. गाडीने हवा घेतली म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरली, गाडी बंद, आता हातपंप मारत बसा. म्हणजे हवा तीच, पण एका दाराने आली तर प्राण आणि दुसऱ्याने आली तर खोळंबा. मालकाला विचारलं, नळी कशासाठी? तो अहिराणीत एवढंच म्हणाला, "गाडीले मोकळी हवा लागस, भाऊ."

किती लागते ते बघू. टाटाच्या जुन्या ६९७ इंजिनाचं नावच वाचण्यासारखं आहे: सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. एकूण पोकळी ५६७५ घनसेंटिमीटर, म्हणजे पावणेसहा लिटरांना जरा कमी. दर दोन फेऱ्यांना हे इंजिन एकदा पोटभर श्वास घेतं. मिनिटाला २४०० फेरे धरले आणि श्वास पूर्ण भरत नाही म्हणून थोडं वजा केलं, तरी मिनिटाला जवळजवळ सहा हजार लिटर हवा झाली. दहा फूट लांब, रुंद आणि उंच खोली पाच मिनिटांत रिकामी! डिझेलच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणारे आपण, ही फुकटची उधळपट्टी मोजतच नाही.

आता नळीच्या जाडीकडे या. एवढी हवा ११० मिलिमीटरच्या नळीतून जाते तेव्हा आत ताशी साधारण चाळीस किलोमीटरचा वारा वाहतो. घरात ७५ची नळी पडली आहे म्हणून तीच जोडली असती, तर तोच वारा नव्वदच्या घरात गेला असता. घर्षणाचा भार वेगाच्या वर्गाने वाढतो, तेव्हा इंजिनाला ओढायला जवळजवळ पाचपट जोर पडला असता. हे गणित मालकाने मांडलं नसेल, पण त्याला ते येतं. विहिरीवरच्या मोटरीला बारीक पाइप जोडला की शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही, हे या भागातल्या केळी-पपईवाल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पाण्याकडून शिकलेलं त्याने हवेला लावलं. मला या कामातली पहिली दाद इथे द्यावीशी वाटते.

दुसरी दाद मागे वळवलेल्या तोंडाला. हौशी माणूस तोंड पुढे करतो. गाडी धावली की वारा आपोआप आत कोंबला जाईल, अशी त्याची समजूत. भरल्या गाडीचा वेग ताशी चाळीस धरा. त्या वेगाने समोरून येणाऱ्या वाऱ्याचा दाब पाण्याच्या उंचीत मोजला तर साडेसात मिलिमीटर भरतो, बोटाच्या एका पेराएवढाही नाही. फिल्टर तुंबला की इंजिनाला ओढावा लागणारा जोर याच मापाने पाचशे मिलिमीटरपर्यंत जाऊ शकतो. त्या साडेसातासाठी पाऊस, पाचट आणि समोरच्या गाडीची धूळ तोंडात घ्यायची हा आतबट्ट्याचा व्यवहार. मालकाने मान फिरवली हे बरं केलं.

उंचीचं कारण उघड आहे. इकडची काळी जमीन पावसाळ्यात चाकाला चिकटते आणि हंगामात पिठासारखी उडते. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याकडे ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रीघ लागते तेव्हा चाकांच्या उंचीवर हवा कमी आणि माती जास्त असते. टपाच्या वर ही धूळ विरळ होते. शिवाय पूर्वी या गाडीची हवा बॉनेटखालून यायची. बाहेर ४२ अंश असताना बॉनेटखाली ६० सहज असतात, आणि तेवढ्या फरकाने हवा पाच टक्क्यांहून जास्त विरळ होते. फुप्फुस तेवढंच, पण त्यात मावणारा प्राणवायू कमी. गार हवा आणायची तर बाहेरून आणावी, आणि बाहेरून आणायची तर वरून आणावी. एका नळीत दोन्ही कामं झाली. इंजिनाजवळचा तुकडा मात्र त्याने पत्र्याचा करून घेतला आहे, कारण पीव्हीसी तिथल्या उष्णतेने मऊ पडली असती आणि ओढीने चपटली असती.

नळी खाली येऊन वळते तिथे, सर्वांत खालच्या जागी, एक बारीक भोक आहे. चुकार पाणी गळून जावं म्हणून. मी ते भोक बराच वेळ बघत होतो. ते फिल्टरच्या अलीकडे आहे, म्हणून चतुराई. तेच भोक फिल्टरच्या पलीकडे वीतभर अंतरावर असतं तर घात झाला असता, कारण तिथून शिरलेल्या धुळीला अडवणारं कुणी नाही. डोळ्यांना न दिसणारे, पाच ते वीस मायक्रॉनचे कण सर्वांत वाईट. ते तेलाच्या पापुद्र्यात मिसळतात आणि रिंगा-लायनरवर पॉलिश पेपरसारखे फिरतात. मग गाडी ऑइल प्यायला लागते, निळा धूर येतो आणि मालक पंपवाल्याला शिव्या देतो. या मालकाने आपली सगळी हौस फिल्टरच्या अलीकडे भागवली आहे. पलीकडच्या रबरी होजला त्याने हात लावलेला नाही, फक्त जोडावर एकाऐवजी दोन क्लिपा आवळल्या आहेत. ख्याल गाणाऱ्याने कितीही ताना घ्याव्यात, पण तंबोरा हलू देऊ नये.

आणि तो फिल्टर! अजून तेलाचाच आहे. हवा मधल्या नळीतून सरळ खाली झेपावते, भांड्यातल्या तेलापाशी येऊन एकदम उलटी वळते. हवा हलकी, ती वळते. धूळ जड, तिला वळण साधत नाही, ती तेलात पडते. जे निसटतं ते वरच्या तेलकट तारांच्या गुंत्यात अडकतं. फिरणारा भाग एकही नाही, बदलायचा भाग एकही नाही. तेल ओतायचं, खाली बसलेला गाळ खरवडायचा, पुन्हा खुणेपर्यंत भरायचं. ही खूण मात्र पाळायची. "थोडं जास्त असू दे" म्हणून वर भरलं तर इंजिन तेच तेल ओढून जाळायला लागतं, आणि मग चावी बंद केली तरी थांबत नाही. धूळ अडवण्यात कागदी फिल्टर याच्यापेक्षा सरस आहे, यात वाद नाही. मंद गतीला तर तेलाच्या भांड्याची पकड आणखी ढिली पडते. कागदाची एक गंमत म्हणजे जरा मळला की तो जास्त चांगला गाळतो, धुळीचाच थर धुळीला अडवतो. रोज कंप्रेसरची हवा मारून त्याला उजळवणारे लोक त्याचं भलं करत नाहीत.

एवढं सगळं करून ताकद वाढली का? फारशी नाही, आणि हे सांगताना माझं कौतुक कमी होत नाही. पेट्रोल गाडीचा पाय हवेचं दार उघडतो, डिझेलचा पाय डिझेल वाढवतो. बहुतेक डिझेल इंजिनांना हवेचं दार उघडंच असतं, आणि पूर्ण ओझ्यालाही हवा गरजेपेक्षा जास्तच आत येते. मोकळ्या श्वासाने काळा धूर कमी होतो, जळणं स्वच्छ होतं, तुंबल्यामुळे गेलेला जोर परत येतो. पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवलं तरच नवा जोर येतो, आणि त्याबरोबर धूर आणि तापही येतात. नळीत बसवायची पंख्यासारखी चकती बाजारात मिळते, ती म्हणे आत वादळ उठवते. वादळ उठवायला जोर लागतो आणि तो इंजिनाकडूनच जातो. कळसाडीच्या गाडीत ती नाही.

नळीचं चालत नाही अशी जागाही जवळच आहे. तोरणमाळ सुमारे ११५० मीटर उंचीवर. तिथली हवाच खालच्यापेक्षा दहा टक्के विरळ. तिथे नळी काय करणार? त्यावरचा उपाय आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरने १९०५मध्येच पेटंट केला होता: धुराच्याच जोरावर चाक फिरवून हवा आत कोंबायची. आज टर्बो नसलेला ट्रक नवा मिळणं कठीण. २०२०पासूनच्या बीएस-६ गाड्यांत हवेवर सेन्सर बसलेत, तिथे असली नळी जोडली तर संगणकच रुसेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चीही मूळ रचनेतल्या बदलांवर नजर असते. या जातीच्या कामाचे दिवस सरत आले आहेत.

निघताना मालकाला म्हटलं, आतून दाखवा. त्याने फिल्टरपलीकडची क्लिप सैल केली, होज बाजूला केला आणि तर्जनी आत खोलवर फिरवून माझ्यासमोर धरली. बोट कोरं होतं. मग तेच बोट त्याने बाहेरच्या करड्या नळीवरून ओढलं. काळ्या मातीत एक पांढुरकी रेघ उठली, आणि तो होज परत बसवायला लागला.