शनिवार तेली आणि दुसरे एक नाव

मुलीकडे राहायला आल्यापासून माझा मुक्काम टेक्सासमधल्या फ्रिस्को शहरात आहे. 1902 साली इथे रेल्वे आली. सेंट लुईस–सॅन फ्रान्सिस्को हे तिचे लांबलचक नाव लोकांनी आखडून 'फ्रिस्को' केले, आणि तेच गावाला चिकटले. त्या रेल्वेचे बोधचिन्ह म्हणजे ताणून वाळत घातलेले रॅकूनचे कातडे. रॅकून हा डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेला, रात्री कचऱ्याचे डबे उलथणारा प्राणी. इथल्या जुन्या हायस्कूलच्या संघांचे नावही त्याच्यावरच होते, 'फायटिंग कून्स'. कून म्हणजे रॅकूनच, बोलण्यातला छोटा शब्द.

पण हाच शब्द अमेरिकेत गोऱ्यांनी काळ्या माणसाला शिवी म्हणून वापरला. तोंडाला काळे फासून नाचगाणी करणाऱ्या नाटकमंडळ्यांनी तो घरोघर नेला. अखेर शाळेने 'कून्स' टाकून 'रॅकून्स' हे नाव घेतले. शब्दाचा जन्म निष्पाप होता, पण माणसांनी त्याला बिघडवले. तेव्हा नुसती व्युत्पत्ती पाहून शब्द ठेवायचा की टाकायचा हे ठरत नाही. तो कुणी कुणाला सोसायला लावला, हे पाहावे लागते.

हे मनात आले आणि आपल्याच लेखनाकडे वळून पाहावेसे वाटले.

आपल्या समाजावरचा कोणताही लेख किंवा स्मरणिका उघडा. नवगावचे फुटलेले गलबत, वाचलेले सात पुरुष आणि सात स्त्रिया, तेलाचा घाणा, शब्बाथला बंद राहणारा, आणि मग अभिमानाने 'शनिवार तेली'. मीही असे लिहिले आहे. पण गावाने ते नाव कौतुकाने दिले नव्हते. जातींच्या उतरंडीत तेल्याची पायरी खालची. सकाळी तेल्याचे तोंड दिसले तर अपशकुन मानणारी माणसे तेव्हा होती. तरीही ते नाव टाकावे असे मला वाटत नाही. आपल्याला हिणवणाऱ्या शेजाऱ्यांनीच नकळत साक्ष दिली की ही माणसे शनिवारी घाणा फिरवत नाहीत. हिब्रू प्रार्थना विसरलेल्या पिढ्यांचा शब्बाथ त्या नावात टिकला. ते नाव आपण सोसले, म्हणून ठेवण्याचा अधिकारही आपला. हल्ली कुणी त्याच्या जागी 'तेल व्यावसायिक' लिहिले तर मला हसू येते.

आता दुसरे नाव. ते आपल्याला कुणी दिले नाही, आपणच दुसऱ्याला दिले: 'काळा इस्राएल'.

वाचकांपैकी बहुतेकांनी ते लहानपणी ऐकले असेल. दोन्हीकडून इस्राएल असलेले ते गोरे, आणि ज्यांच्या घराण्यात कधी बाहेरची स्त्री आली ते काळे. कातडीशी त्याचा संबंध नसे. माझ्या आजीच्या शेजारच्या 'काळ्या' बाई आजीपेक्षा चांगल्या उजळ होत्या. तरी सोयरीक नाही, एका ताटात जेवण नाही, आणि सिनेगॉगमध्ये किद्दुशचा प्याला त्यांच्याकडे सर्वांच्या शेवटी. हाईम सॅम्युअल केहिमकरांनी 1897 मध्ये लिहून संपवलेल्या आणि 1937 मध्ये तेल अवीवला छापल्या गेलेल्या इतिहासात हा भेद नोंदलेला आहे. आपल्या स्मरणिकांत मात्र तो सापडत नाही. केहिमकरांचे गलबत आपण घेतले, घाणा घेतला, हे पान तेवढे उलटून टाकले.

माझी तक्रार इथे आहे. 1962 मध्ये इस्राएलच्या मुख्य रब्बीनेटने बेने इस्राएलांच्या विवाहाआधी घराण्याची चौकशी करा असे सांगितले, तेव्हा आपण पेटून उठलो. जेरुसलेमला धरणे धरले, आणि 1964 च्या ऑगस्टमध्ये क्नेसेतने आपल्याला पूर्ण यहुदी मानले. त्या लढ्यावर आपण पाने भरभरून लिहितो, लिहावीतच. पण 'तुमची आजी कोण होती?' हा प्रश्न आपण अलिबाग, पेणच्या वाड्यांत आपल्याच माणसांना विचारत होतो, हे वाक्य त्या लेखांत कुठेच येत नाही.

म्हणून माझे मत असे. 'काळा' हा शब्द कुठल्याही घराविषयी, लग्न जमवताना दबक्या आवाजातसुद्धा, उच्चारू नये. पण लेखनातून तो गाळूही नये. डिसेंबर 2020 मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पाटीवरचे 'महारवाडा' उतरले तर बरेच झाले. पण गावाच्या इतिहासातूनही तो शब्द गेला, तर विहीर वेगळी का होती हे नातवंडांना कसे सांगणार?

आजीच्या फळीवर शेजारच्या बाईंसाठी एक वेगळी कपबशी असे. तिच्यावर निळी फुले होती. ती सर्वांत सुंदर कपबशी म्हणून लहानपणी मी तिच्यासाठी हट्ट करायची आणि मार खायची. बाई ओट्यावर बसून चहा घेत, आणि जाताना कपबशी स्वतः विसळून ठेवत. त्यांची नातवंडे आज अश्दोदला माझ्या चुलतभावाच्या शेजारी राहतात. म्हणून त्यांचे नाव लिहीत नाही.