भयकथेला ओ देणारा वाचक

भयकथा ऐकणें आणि भयकथेंत शिरणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. भरतमुनींनीं भय हा भयानक रसाचा स्थायीभाव सांगितला. परंतु रंगभूमीवर श्वापद अवतरलें म्हणून प्रेक्षक नाट्यगृहांतून पळत सुटत नाहीं, कारण तें भय त्याचें स्वतःचें नसतें. भयाचा आस्वाद घेतां येतो तो या अंतरामुळेंच. गेल्या पन्नास वर्षांत मात्र असा एक वाङ्मयप्रकार निपजला आहे कीं ज्यांत हें सुरक्षित अंतर वाचक आपल्याच हातानें कमी करीत जातो. संगणकावर केवळ शब्दांनीं खेळावयाचा साहसखेळ हा तो प्रकार होय. पडद्यावर चित्र नसतें. दोनचार वाक्यें उमटतात, आपण कोठें आहों तें सांगतात, आणि थांबतात. पुढें काय करावयाचें तें वाचकानें लिहून कळवावयाचें: ‘दार उघड’, ‘दिवा घे’, ‘उत्तरेस जा’. त्या आज्ञेप्रमाणें गोष्ट पुढें सरकते. या प्रकारांतील भयकथा रचूं पाहणाऱ्या हौशी लेखकानें कोणत्या गोष्टींचें भान ठेवावें, आणि तो यवतमाळसारख्या जिल्ह्यांतला असेल तर त्याच्यावर कोणती अधिक जबाबदारी येते, एवढाच प्रश्न येथें विचारांत घेतला आहे.

या प्रकाराचा उगमच एका हौशी माणसाच्या हातून झाला, हें प्रथम ध्यानांत घेण्याजोगें आहे. अमेरिकेंतील विल क्राउदर हा व्यवसायानें संगणकतज्ज्ञ आणि आवडीनें गुहासंशोधक. केंटकी प्रांतांतील मॅमथ गुहा त्यानें स्वतः धुंडाळलेली होती. १९७५-७६ च्या सुमारास त्यानें आपल्या मुलींसाठीं त्या गुहेवर शब्दांचा खेळ रचला, व १९७७ मध्यें डॉन वुड्स यानें त्यांत भर घातली. या आद्य खेळांत बुटके आहेत, खजिने आहेत, मंत्रही आहे. पण त्याचा कणा म्हणजे पायांनीं तुडविलेली खरी जागा. ज्याला गुहेची वळणें ठाऊक होतीं त्यालाच वाचकाला तींत चुकवितां आलें. आपल्याकडे रानांत वाटसरूला फिरवून फिरवून पुन्हां त्याच झाडाखालीं आणणाऱ्या शक्तीस चकवा म्हणतात. लेखकाला स्वतःला वाट ठाऊक नसेल तर त्याच्या हातून चकवा निर्माण होत नाहीं, नुसता घोटाळा होतो.

त्यानंतर मॅसॅच्युसेट्समधील तंत्रविद्यापीठाच्या कांहीं तरुणांनीं ‘झॉर्क’ हा खेळ रचला. त्यांत दिव्याशिवाय अंधारांत वावरणाऱ्याला गिळणारा एक प्राणी आहे. तो अंधारांतच राहतो, म्हणून वाचकाला त्याचें रूप कधींच दिसत नाहीं. ही युक्ति वरवर विनोदी, पण तींत या कलेचें मर्म सांपडतें. चित्रपटांत अंधार म्हणजे काळा पडदा. शब्दांच्या खेळांत अंधार म्हणजे वर्णनच बंद होणें. ज्या वाक्यांच्या आधारानें वाचक चालत होता तीं वाक्येंच नाहींशीं होतात. हौशी लेखक बहुधा उलट करतो. भय वाढवावयाचें म्हणून तो रक्त, किडे, सडलेलें मांस यांचे ढीग रचितो. त्यानें जुगुप्सा उत्पन्न होते, आणि जुगुप्सा हा बीभत्साचा स्थायीभाव आहे, भयानकाचा नव्हे. बीभत्सापासून वाचक तोंड फिरवितो. भयानकाकडे तो, नको नको म्हणत, एक पाऊल टाकतो. खेळाला तर पाऊल टाकणाराच वाचक हवा.

हौशी लेखकांनीं या क्षेत्रांत केवढी उंची गांठली याचीं दोन उदाहरणें पुरेशीं आहेत. मायकेल जेंट्री याच्या ‘अँकरहेड’ (१९९८) या दीर्घ खेळांत एका जुन्या बंदरगांवांतील घराण्याचा शाप वाचक स्वतः कागदपत्रें शोधून उलगडतो. अँड्र्यू प्लॉटकिन याचा ‘शेड’ (२०००) त्याहून धीट. एका खोलींत प्रवासाची तयारी चालली आहे, तहान लागली आहे, पाणी हवें आहे. आणि जिकडे हात घालावा तिकडे वाळू. तेथें भूत नाहीं, राक्षस नाहीं. रोजचें साधें काम आपण करूं म्हणतों आणि तें काम आपल्यावर उलटतें. आमच्या मतें या प्रकाराच्या भयाचें हेंच सर्वांत शुद्ध रूप होय, कारण येथें भयाला कारण होणारा शब्द वाचकाच्याच बोटांतून निघालेला असतो.

साधनांची अडचण आतां राहिलेली नाहीं. ग्रॅहॅम नेल्सन याची ‘इन्फॉर्म’ ही प्रणाली १९९३ पासून व ख्रिस क्लिमस याची ‘ट्वाइन’ २००९ पासून विनामूल्य मिळते. दुसरीमध्यें आज्ञा लिहावी लागत नाहीं. दिलेल्या पर्यायांतून एक निवडावयाचा. तींत देवनागरींत लिहिणें सोपें. पण तेथें वाचक लेखकाचेच शब्द उचलतो, आणि आपला शब्द आपल्याला भोंवला ही जाणीव तितकी उणी होते. पहिल्या प्रकारांत मराठी लेखकापुढें आपलें व्याकरण उभें राहतें. विहीर म्हटली कीं ‘विहीर बघ’, ‘विहिरींत बघ’, ‘विहिरीकडे जा’ असें वाचक लिहिणार. प्रत्येक नामाचें सामान्यरूप यंत्राला शिकविल्याशिवाय सुटका नाहीं.

याहून खोल प्रश्न संबोधनाचा आहे. इंग्रजींत वाचकाला मध्यम पुरुषांत बोलावलें तर तो स्त्री कीं पुरुष हें गुप्त राहतें. मराठींत ‘तूं गेलास’ कीं ‘तूं गेलीस’ हें ठरवावेंच लागतें. ‘तुम्ही जातां’ म्हटलें तर लिंग झांकतें, पण जवळीक जाते. आणि भयाला जवळीक हवी. तथापि याच व्याकरणांत एक देणगी दडली आहे. ‘तूं दार उघडलेंस’ या वाक्यांत क्रियापद दारामागें जातें; तें स्त्रीला लागू, पुरुषालाही लागू. कर्ता मागें राहतो आणि केलेलें कर्म पुढें येतें. भविष्यकाळही असाच तटस्थ: ‘तूं दार उघडशील’. त्यांत तर शापवाणीचा सूर आपोआप येतो. भाषांतरित खेळांत हें सामर्थ्य उतरणार नाहीं. तें मराठींत विचार करणाऱ्यालाच सांपडेल.

मराठी भयकथेची परंपरा या कामीं कितपत उपयोगीं पडेल? नारायण धारपांच्या कथांत समर्थ येतात आणि संकट निवारतात. वाचकाचा भार दुसरा कोणी उचलतो. खेळांत वाचकाला समर्थ मिळत नाहीं. त्याचा खरा पूर्वज फार जुना आहे: सोमदेवाच्या कथासरित्सागरांतील आणि सदाशिव काशिनाथ छत्रे यांनीं १८३० मध्यें मराठींत आणलेली वेताळपंचविशी. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर मस्तक फुटणार. बोलला तर प्रेत पुन्हां झाडावर. श्रोत्याच्या उत्तरावर गोष्टीची गति अवलंबून ठेवणारी याहून चोख रचना आम्हांस ठाऊक नाहीं. लोकसमजूत नेमकी याच्या उलट आहे: रात्रीं कोणीं नांवानें हाक मारली तर ओ देऊं नये. एकीकडे मौन घातक, दुसरीकडे बोलणें घातक.

आतां यवतमाळकडे वळूं. कापूस, तूर, हरभरा यांच्या शेतांत रोही आणि रानडुकरें शिरतात म्हणून रात्रीं जागलीला जाणें हा येथील शेतकऱ्याचा नित्यक्रम. हातांत बॅटरी, भोंवतीं काळोख, दूरवर कोणाची तरी चाहूल. शब्दखेळाला याहून चांगली भूमि कोणती? परंतु या भूमींतील भय काल्पनिक नाहीं. राळेगांव-पांढरकवडा परिसरांत २०१६ ते २०१८ या काळांत तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका ज्या वाघिणीवर आला, ती २ नोव्हेंबर २०१८ रोजीं मारली गेली. २०१७ च्या हंगामांत कापसावर औषध फवारतांना विषबाधा होऊन या जिल्ह्यांत अनेक शेतकरी व शेतमजूर प्राणांस मुकले. कर्जापायीं झालेल्या आत्महत्यांनीं तर जिल्ह्याचें नांव देशभर पोहोंचलें. अशा ठिकाणीं कर्जबाजारी मृताला भूत करून वाचकाच्या अंगावर सोडणें हा कलेचा अपराध आहे. आपल्या मुंज्याच्या, हडळीच्या कथांतही कोणाची तरी अपुरी राहिलेली इच्छा, कोणावर तरी झालेला अन्याय असतो. तो विसरून नुसते दांत आणि नखें दाखविणाऱ्याला त्या कथा कळल्याच नाहींत.

मग लेखकानें या विषयांना शिवूंच नये काय? शिवावें, पण भयाचें स्थान बदलावें. समजा, जागलीवर बसलेल्या वाचकाला शेजारच्या शेतांतून ओळखीच्या आवाजांत हाक येते. आजीनें सांगितलेलें त्याला आठवतें, आणि तो ‘गप्प बस’ अशी आज्ञा लिहितो. सकाळीं कळतें कीं हांक मारणारा माणूसच होता. विष अंगांत भिनून धुऱ्यावर पडला होता. या खेळांत भूत नाहीं, रक्ताचा थेंब नाहीं. भय आहे तें स्वतःच्या मौनाचें. अशा खेळांत केलेली आज्ञा मागें घेण्याची सोय बहुधा असते. या एका आज्ञेपुरती लेखकानें ती काढून घ्यावी. इतर ठिकाणीं ती असूं द्यावी, कारण तेवढ्या आश्वासनावरच भयाचा आस्वाद उभा असतो.

असा खेळ रचावयास मोठी विद्वत्ता लागत नाहीं. एक शेत, एक रात्र, पंधरावीस वस्तू आणि त्यांना वाचक काय काय म्हणेल याचा धीरानें केलेला विचार, एवढें पुरे. वाचक लिहील त्या अनपेक्षित आज्ञेलाही खरें उत्तर देणें हाच येथें लेखकाचा धर्म. तो ज्याला साधला, त्याच्या खेळांत वाचक शेवटीं घाबरेल तो वेताळाला नव्हे. आपण ओ दिली नाहीं, या एका गोष्टीला.