बाह्य साठवणीतील फोल्डर : एक आक्षेप

शिक्षकांनी शिक्षकांसाठी तयार केलेल्या मोबाइल अ‍ॅपांचे गेल्या दहाबारा वर्षांत पेवच फुटले आहे. हजेरी, आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी, पोषण आहाराचा हिशेब, पाढ्यांचा सराव अशी नाना कामे ही अ‍ॅपे करतात. त्यांतली पुष्कळशी संगणकशास्त्राचे रीतसर शिक्षण न घेतलेल्या शिक्षकांनी रात्री जागून केलेली आहेत, आणि वर्गात नेमके काय लागते हे त्यांच्याइतके कोणत्याही कंपनीला कळत नाही. म्हणूनच नुसती स्तुती करून न थांबता त्यांची परीक्षा करणे आम्हांला आवश्यक वाटते. रंग, चित्रे, बटणांची मांडणी यांविषयी येथे लिहायचे नाही. प्रश्न एकच विचारायचा आहे : वर्षभर भरलेली माहिती हे अ‍ॅप ठेवते कुठे?

अचलपूरसारख्या ठिकाणी हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. अचलपूर-परतवाड्यात राहून मेळघाटातील शाळांत शिकवणारे शिक्षक आहेत. परतवाड्याहून सेमाडोह, हरिसाल, धारणी असा रस्ता डोंगरात शिरला की मोबाइलच्या रेंजचा भरवसा उरत नाही. हरिसालला ‘डिजिटल गाव’ करण्याचा प्रकल्प राज्य शासनाने २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने हाती घेतला, पण सगळा मेळघाट म्हणजे हरिसाल नव्हे. भरलेली माहिती दूरच्या संगणकावर आपोआप जमा होईल असे येथे गृहीत धरता येत नाही. जे काही असेल ते हातातल्या फोनमध्येच. अशाच एका शिक्षकांनी स्वतः केलेले नोंदवहीचे अ‍ॅप आम्हांला तपासायला दिले. जुन्या फोनवर ते ‘नोंदवही’ नावाचे फोल्डर तयार करी आणि दर मुलामागे एक फाइल त्यात ठेवी. नव्या फोनवरही ‘फोल्डर तयार झाले’ असा संदेश येई. फोल्डर मात्र कुठेच सापडत नसे. असे का व्हावे, हे समजून घ्यायला थोडे मागे जावे लागेल.

फोल्डर म्हटले की कागद ठेवायचा पुठ्ठा डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात फोल्डर ही एक यादी असते : फाइलींची नावे, आणि प्रत्येक नावापुढे ती माहिती कोठे आहे याची खूण. हजेरीपटावर नावे असतात आणि मुले बाकांवर असतात, तसेच हे. एका यादीत दुसऱ्या यादीचे नाव घालता येते, म्हणून फोल्डरात फोल्डर करता येते. झाडाच्या फांद्यांसारखी ही रचना १९६५ मध्ये डेली व न्यूमन यांनी मल्टिक्स या प्रणालीसाठी मांडली. युनिक्सने ती रुजवली आणि अँड्रॉइडच्या तळाशी असलेल्या लिनक्सने ती तिथूनच घेतली. युनिक्सच्या पद्धतीत प्रत्येक फाइलीच्या नोंदीत मालक कोण, वाचू कोण शकतो, लिहू कोण शकतो यांचे रकाने असतात. उलट, मेमरी कार्डावर वापरली जाणारी ‘फॅट’ ही पद्धत १९७७ मध्ये, फ्लॉपीच्या काळात जन्मली. तिच्यात फाइलीचे नाव, आकार, तारीख लिहिता येते. मालकाचा रकानाच नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र आणि पीक आहे, पण खातेदाराचे नाव लिहायला जागा नाही, असा तो प्रकार!

२००८ मध्ये अँड्रॉइडचा पहिला फोन आला तेव्हा ‘बाह्य साठवण’ म्हणजे खरोखरच बाहेरून घालायचे कार्ड होते. मालकाचा रकाना नसल्याने ते गायरानासारखे सर्वांचे. लिहिण्यासाठी परवानगी लागू लागली ती २००९ मधील १.६ या आवृत्तीपासून. वाचणे तर २०१३ च्या ४.४ या आवृत्तीपर्यंत मोकळेच होते. पुढे, २०११ च्या सुमारास, फोनच्या आतल्याच स्मृतीचा एक भाग कार्डाची नक्कल करून ‘बाह्य’ म्हणून दाखवला जाऊ लागला. आजही कार्डाची खाच नसलेल्या फोनमध्ये ‘एसडीकार्ड’ नावाची वाट असते आणि ती फोनच्या पोटातच जाते. भौतिकीच्या उत्तरपत्रिकेत वस्तुमानाला वजन म्हटले तर आपण गुण कापतो. येथे तर आतल्याला बाहेरचे म्हटले आहे, आणि पंधरा वर्षे ते कोणी दुरुस्त केलेले नाही. अ‍ॅप करणारा ‘बाह्य साठवणीत फोल्डर करा’ असे लिहितो, वापरणारा ते कार्डावर शोधत बसतो.

गायरानावर अतिक्रमण व्हायचे ते झालेच. प्रत्येक अ‍ॅप मुळाशीच स्वतःचे फोल्डर करी आणि अ‍ॅप काढल्यावरही ते मागे राही. ते एक वेळ चालले असते. पण एकदा परवानगी मिळाली की विजेरीचे अ‍ॅपसुद्धा तुमची सर्व छायाचित्रे, आधार कार्डाची प्रत, मुलांच्या याद्या वाचू शके. काही अ‍ॅपे स्वतःला लागणाऱ्या फाइली या सामाईक जागेत ठेवतात आणि दुसरे अ‍ॅप त्या मधल्यामध्ये बदलू शकते, हे चेक पॉइंट या सुरक्षा-संस्थेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले. त्यामुळे २०१९ च्या अँड्रॉइड १० मध्ये कुंपण घालायला सुरुवात झाली आणि २०२० च्या अँड्रॉइड ११ मध्ये ते पक्के झाले. गूगल प्ले या दुकानात येणाऱ्या नव्या अ‍ॅपांना ऑगस्ट २०२१ पासून हे नियम मानणे भाग पडले. मुळाशी मनाला येईल त्या नावाचे फोल्डर आता साध्या अ‍ॅपाला करता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपलाही आपले फोल्डर मुळापासून हलवून ‘अँड्रॉइड’ या फोल्डरच्या आत न्यावे लागले.

कुंपण घातले ते योग्यच झाले असे आमचे मत आहे. ज्या रीतीने घातले ती मात्र सदोष आहे.

जावा भाषेत फोल्डर करण्याची ‘एमकेडिर’ ही आज्ञा ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर देते. फोल्डर करण्यास मनाई असेल तरी ‘नाही’, आणि ते आधीच अस्तित्वात असेल तरी ‘नाही’. दुसऱ्या कारणाने वारंवार येणाऱ्या ‘नाही’कडे दुर्लक्ष करण्याची सवय अ‍ॅप करणाऱ्यांना लागली होती, आणि कुंपण आल्यावरचा नकार त्याच सवयीत गडप झाला. वर सांगितलेल्या नोंदवहीत नेमके हेच घडले होते : आज्ञा दिली, उत्तर तपासले नाही, संदेश मात्र दाखवला.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. कोणतीही परवानगी न मागता फोल्डर करण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे त्या अ‍ॅपाचे स्वतःचे राखीव फोल्डर. हेही ‘बाह्य साठवणी’तच असते, पण अ‍ॅप काढून टाकले की त्यातले सर्व काही पुसले जाते. ‘डेटा साफ करा’ हे बटण दाबले तरी तेच. अँड्रॉइड ११ पासून फोनमधल्या इतर फाइल-व्यवस्थापक अ‍ॅपांना तेथे डोकावताही येत नाही. फोन भरला म्हणून घरातल्या कोणी तरी एक अ‍ॅप काढले, आणि जूनपासूनच्या नोंदी गेल्या! आमच्यासारख्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना नोंदवही म्हणजे प्राण. तिचे पान फाडायचीही मुभा नसते. येथे सबंध वही चिन्हाबरोबर नाहीशी होते, आणि आधी विचारलेल्या प्रश्नात वहीचा उल्लेखही असेलच असे नाही.

अ‍ॅप इन्व्हेंटर हे साधन अनेक शिक्षक वापरतात. २०१० मध्ये गूगलने ते आणले आणि २०१२ पासून एमआयटी ते चालवते. त्यात फाइलीसाठी ‘व्याप्ती’ ठरवावी लागते, आणि बहुतेक अ‍ॅपांना ‘अ‍ॅप’ ही व्याप्ती पुरेल असे त्याची माहितीपुस्तिका सांगते. खेळाचे गुण ठेवायला ती पुरते. मुलांच्या नोंदींना ती पुरत नाही, कारण ती जागा म्हणजे हेच राखीव फोल्डर.

मग फोल्डर करावे कोठे? ‘डॉक्युमेंट्स’ या सामाईक फोल्डरच्या आत करता येते. अ‍ॅप गेले तरी ते राहते. त्यातही एक मेख आहे. तेच अ‍ॅप पुन्हा बसवले की ते परके ठरते आणि स्वतःच लिहिलेल्या फाइली त्याला दिसत नाहीत. म्हणून सर्वांत निर्दोष मार्ग म्हणजे जागा वापरणाऱ्यालाच निवडू देणे. ही सोय नवी नाही : एकेक फाइल निवडण्याची २०१३ पासून, आणि सबंध फोल्डर निवडण्याची २०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून आहे. फोनचाच एक पडदा उघडतो, शिक्षक फोल्डर करतात किंवा निवडतात, हवे तर खरोखरच्या कार्डावर, आणि तेवढ्या एका फोल्डरची परवानगी अ‍ॅपाला मिळते. अ‍ॅप पुन्हा बसवले तर तेच फोल्डर पुन्हा दाखवायचे, की काम पुढे चालू. ‘हा आणखी एक पडदा शिक्षकांना कळणार नाही’ असे काही अ‍ॅप करणारे म्हणतात. जे शिक्षक कोरकू बोलणाऱ्या मुलांना मराठीतून भागाकार समजावतात, त्यांना एक फोल्डर निवडणे जमणार नाही, हे आम्हांला पटत नाही.

वाचकांनी आपण वापरत असलेल्या अ‍ॅपावर एक प्रयोग करून पाहावा. त्यात तीन खोटी नावे आणि त्यांच्या नोंदी भराव्यात. फोनच्या फाइल-व्यवस्थापकात त्या फाइली शोधाव्यात. सापडल्यास दुसऱ्या एखाद्या अ‍ॅपाने उघडतात का ते पाहावे. नंतर अ‍ॅप काढून पुन्हा बसवावे आणि तीन नावे परत मिळवता येतात का ते पाहावे. खऱ्या नोंदी आधीच भरलेल्या असतील तर हा प्रयोग त्याच फोनवर मुळीच करू नये. एखाद्या सहकाऱ्याच्या फोनवर ते अ‍ॅप नव्याने घेऊन करावा.